पिंपळपानाची जाळी आणि झाडाचं जीवनचक्र : भिंतीवरच्या मोठ्या चित्रासाठी मदत हवी

रेघोट्या (दादर)

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या वाचनालयात दर्शनी भिंतीवर लावायला पिंपळावर एक काम करायचं आहे. आकार ३ फूट रुंद, ४ फूट उंच. विषय झाड आणि जन्म, वाढ, झड, पुन्हा जन्म हे चक्र. सध्याचा आराखडा असा : मधोमध खोड, त्यात वयाची वलयं, वर चार भागांत वाटलेला माथा (वसंत, पावसाळा, शरद, शिशिर) आणि त्यात खरी पिंपळपानं. काही जाळी केलेली (गर काढून नुसत्या शिरा उरलेली), काही रंगवलेली. पिवळ्या रंगाला हळद आणि तांबड्याला गेरू वापरायचा विचार आहे.

अडतंय ते इथे. खाण्याचा सोडा घालून पानं उकळली तर तासाभराने वरची साल तशीच चिकटलेली राहते. आच वाढवली की नाजूक शिरांसकट लगदा होतो. जी जाळी निघते ती तपकिरी असते. ब्लीचमध्ये टाकली की पांढरी होते, पण वाळल्यावर बोटात चुरते. चौकट पावसाळ्यात टिकेल अशी कशी करायची, हेही सांगा. वाचनालय तळमजल्यावर आहे आणि जून ते सप्टेंबर हवा चिकट असते. काम फेब्रुवारीपर्यंत पूर्ण व्हायला हवं.

टीपकागद

आधी जाळीचं बघू, तिन्ही तक्रारी एकेक करून घेऊ.

खाण्याचा सोडा इथे फार सौम्य पडतो. लागतो तो धुण्याचा सोडा. किराणा दुकानात खडे किंवा पावडर मिळते. १ लिटर पाण्याला ४० ते ५० ग्रॅम. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं अजिबात नको, सोडा ते खातो आणि पानांवर काळसर डाग येतात. २ लिटर पाण्यात एका वेळी १२-१५ पानं पुरे, त्याहून जास्त घातली की एकमेकांना चिकटतात आणि मधली कच्ची राहतात.

पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. भांड्याच्या कडेने बारीक बुडबुडे येतील इतकीच आच. लगदा होतो तो सोड्यापेक्षा उकळीच्या मारामुळे, पानं आपटून बारीक शिरा तुटतात. ४५ मिनिटांनी एक पान काढून गार पाण्यात धरा आणि देठाजवळ अंगठ्याने हलकं चोळा. वरची साल सुटी सरकली तर झालं. नाही तर दर १५ मिनिटांनी बघत राहा, जून पानाला दीड तासही लागतो. मग गॅस बंद करून पानं त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या. आच वाढवून जे साधत नाही ते या मुरण्याने साधतं. सोड्याच्या पाण्यात हात घालताना रबरी हातमोजे घाला. लवकर होतं म्हणून कॉस्टिक सोडा सुचवणारे भेटतील, घरच्या ओट्यावर तो नको. डोळ्यात एक थेंब उडाला तरी गंभीर इजा होते.

आता पानाची निवड. पालवीचं तांबूस पान कधीच जमणार नाही, त्याच्या शिरा अजून टणक झालेल्या नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गळलेलं पिवळं पान उकळीत फाटतं. उत्तम ते पावसाच्या शेवटाचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचं गडद हिरवं, चामड्यासारखं जाड पान. वाऱ्याने पडलेली हिरवी पानं पाराखाली सकाळी सापडतात, झाड ओरबाडायची गरज नाही. उजेडाकडे धरून बघा. किडीचा ठिपका असेल तिथे जाळीला भोक पडतं किंवा तपकिरी डाग राहतो आणि तो ब्लीचनेही जात नाही.

साफ करताना उलट्या ठेवलेल्या काचेच्या ताटावर पान ओलं पसरा. मऊ टूथब्रश उभा धरून थापटायचं, घासायचं नाही. थापटल्याने गर सुटतो, मग ब्रश मधल्या शिरेकडून कडेकडे, शिरांच्या दिशेने अलगद न्या. कडेकडून आत आणलात की कडेलगतची बारीक कमान फाटते. पिंपळपानात आडव्या शिरा कडेपाशी वळून एकमेकींना मिळतात आणि कडेला समांतर अशी एक ओळ तयार होते. जाळीचा आकार ती सांभाळते. ती तुटली की पान वाळताना मुरडतं. शेपटी (पानाचं लांब निमुळतं टोक) सगळ्यात शेवटी, ब्रशने नाही, बोटाच्या टोकाने.

ब्लीचमध्ये चुरतं कारण ते जास्त वेळ राहतं आणि नंतर नीट काढून टाकलं जात नाही. घरगुती ब्लीच १ भाग, पाणी १० भाग. १० ते २० मिनिटं, समोर उभं राहून. हस्तिदंती रंग आला की बाहेर. पांढरंशुभ्र व्हायची वाट पाहिली तर शिरांचा सेल्युलोजच तुटायला लागतो. बाहेर काढल्यावर तीन पाण्यांतून धुवा. मग १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हायपो (फोटो धुण्याचा, प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत मिळतो) विरघळवून त्यात ५ मिनिटं ठेवा आणि पुन्हा धुवा. हायपो उरलेला क्लोरीन मारतो. तो राहिला तर जाळी काही महिन्यांत पिवळी पडते आणि ठिसूळ होते. ब्लीचच्या भांड्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल चुकूनही जाऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. खिडकी उघडी ठेवून काम करा.

वाळवणं : अर्धवट ओली असताना टीपकागदाच्या दोन थरांत, वर जाड पुस्तकं. पहिल्या दिवशी टीपकागद दोनदा बदला. शेपटी ओल्या कुंचल्याने सरळ करून मगच दाबा, वाळल्यावर सरळ करायला गेलात तर मोडते. मांडणीत जितकी पानं हवीत त्याच्या दीडपट तयार करा.

हिरवापार (ठाणे)

टीपकागद यांच्या कृतीशी सहमत, पण सोड्यापेक्षा कुजवलेली जाळी चिवट निघते, असं माझं ठाम मत आहे. सोडा शिरांनाही थोडं खातोच. पाण्यातले जिवाणू आधी गर खातात, शिरा मागे ठेवतात.

प्लास्टिकच्या डब्यात पानं आडवी रचा, वर जड ताटली ठेवा म्हणजे एकही पान पाण्याबाहेर डोकावणार नाही. पाण्याबाहेर राहिलेला भाग काळा पडतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ते एक दिवस उघडं ठेवून मग वापरा, किंवा पावसाचं साठवा. आपल्याकडच्या उबेत तीन ते पाच आठवडे लागतात. दर आठवड्याला अर्धंच पाणी बदला. सगळं बदललं तर जिवाणूही गेले आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

झाकण घट्ट हवं, नाहीतर वर मच्छरदाणीचं कापड ताणून रबरबँड लावा. मुंबईत साठलेलं उघडं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण, आणि पालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा दंडही होतो. वास येणार, डबा गच्चीत किंवा बाल्कनीच्या टोकाला ठेवा.

फेब्रुवारीची मुदत बघता दोन्ही करा. मोठी, समोर दिसणारी पानं कुजवून आणि बाकीची सोड्याने.

कावचुना

रेघोट्या, तंत्र वर आलंच आहे. मला आराखड्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्यात बदल केला नाही तर जाळी कितीही सुरेख झाली तरी चित्र परकं वाटेल.

चार भागांचं झाड, एकात फुलं, एकात हिरवळ, एकात पिवळी पानं, एकात बोडक्या फांद्या, हा थंड प्रदेशातल्या झाडांचा साचा आहे. तिथे महिनेच्या महिने झाड निष्पर्ण असतं. मुंबईतला पिंपळ तसा वागत नाही. फाल्गुनाच्या सुमारास पानं झडतात आणि थोड्याच दिवसांत तांबूस-गुलाबी पालवी फुटते. झड आणि पालवी एकमेकींच्या अंगावर येतात. पुष्कळदा एकाच झाडाची एक फांदी उघडी, शेजारची तांबूस, तिसरी जुनी हिरवी असते. म्हणजे चक्र दाखवायला माथ्याचे चार तुकडे करायची गरजच नाही. जन्म, भर आणि झड हे सगळं एका वेळी एका झाडावर उभं असतं. तुमच्या विषयाचं सगळ्यात मोठं बळ तेच आहे, ते सोडू नका.

मी असं मांडेन. तळाशी काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीचा सांधा. त्यातून फुटलेलं दोन पानांचं रोप. पिंपळाची फळं तांबट, मैना, कोकीळ आणि वटवाघळं खातात, बी त्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडतं आणि पावसात रुजतं. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या पन्हाळीपाशी हे दिसतं. तिथून खोड वर जातं, माथ्यात उघडी, तांबूस आणि हिरवी फांदी, आणि उजव्या कडेने खाली येत जाणाऱ्या जाळ्या पुन्हा त्याच फटीपाशी येऊन थांबतात. बाण नको, वर्तुळ आखायला नको. डोळा आपोआप फिरतो.

फळं काढणार असाल तर लक्षात ठेवा : पिंपळाची फळं पानाच्या बेचक्यात जोडीने आणि देठाशिवाय बसतात. बहुतेक चित्रांत त्यांना चेरीसारखे लांब देठ दिलेले असतात. कच्ची हिरवी, पिकली की काळपट जांभळी, आकार वाटाण्यापेक्षा थोडा मोठा. एक फळ उभं चिरून दाखवलंत तर त्यात अख्खं दुसरं चक्र आहे. फुलं फळाच्या आतच असतात. अगदी चिमुकली माशी फळाच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून आत शिरते, आत परागण करते, अंडी घालते आणि आतच मरते. तिची पुढची पिढी पराग घेऊन बाहेर पडते. ७-८ सेंटिमीटरचा छेद कोपऱ्यात पुरेसा होईल.

खोड गुळगुळीत खांबासारखं काढू नका. पिंपळाच्या जुन्या खोडाला उभ्या पन्हळी असतात, अनेक दोर एकत्र वळल्यासारख्या. साल राखाडी. आणि पारंब्या वडाच्या, त्या पिंपळाला लावू नका. वाचनालयात येणारे आजोबा पहिल्यांदा तेच दाखवतील.

आता पानाबद्दल. झाडावर पिंपळपान देठ वर आणि शेपटी खाली असं लोंबतं. जाळी झाली की तेच पान नीट पाहा : देठ आणि मधली शीर म्हणजे खोड, दोन्ही बाजूंच्या सहा-आठ शिरा म्हणजे फांद्या, त्यांमधली जाळी म्हणजे डहाळ्या. म्हणजे झाडावर लोंबणारं प्रत्येक पान हे मुळं वर आणि फांद्या खाली असलेलं झाड आहे. गीतेच्या १५व्या अध्यायातला ऊर्ध्वमूल अश्वत्थ वेगळा काढायची गरज नाही. जाळ्या देठ वर ठेवून लावा, बहुतेक लोक त्या शेपटी वर करून सजवतात आणि हा अर्थ हातचा घालवतात. फटीपाशी पडलेली पानं मात्र कशीही पडू द्या.

रंग : हळद नको. उजेडात ती आठवड्यांत उडते. तिच्या जागी पिवडी घ्या, ती माती आहे, टिकते. गेरू (काव) टिकाऊ आहे, काजळीही. बंधक म्हणून बाभळीचा डिंक १ भाग, पाणी २ भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलेला. रंगाची पूड आणि हे डिंकपाणी साधारण समप्रमाणात घोटा आणि एका तुकड्यावर लावून वाळवा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी. चकाकी आली किंवा बारीक भेगा पडल्या तर जास्त. काही कृतींत मध किंवा ग्लिसरीन घालायला सांगतात, मुंबईच्या हवेत ते टाळा, रंग पावसाळाभर चिकट राहतो. डिंकपाण्याला १०० मिलीला लवंगतेलाचे दोन थेंब, म्हणजे नासत नाही.

पालवीचा तांबूस मात्र गेरूने साधत नाही, तो मातकट पडतो. तयार जलरंगांतल्या बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) किंचित क्विनाक्रिडोन रोझ (गुलाबी), भरपूर पाणी, कागदाचा पांढरेपणा खालून दिसला पाहिजे. खरी पालवी दाबून वापरायचा मोह होईल, पण ती वाळली की तपकिरी होते. शिवाय ती मार्चआधी मिळणारही नाही.

सागाचा_ठसा (भायखळा)

वलयांवर दोन शब्द. उभ्या खोडात वलयं दिसत नाहीत, ती आडव्या छेदातच दिसतात. खोडाच्या पोटात गोल काढले की ते लक्ष्यफलकासारखं दिसतं. दुसरं, पिंपळ, वड, आंबा यांच्या लाकडात वर्षाची वलयं स्पष्ट उमटत नाहीत. साग त्याला अपवाद आहे : उन्हाळ्यात पानं गाळतो आणि पुन्हा वाढ सुरू होताना मोठ्या छिद्रांची एक कड बनते, तीच रेघ दिसते.

वलयं हवीच असतील तर ती चित्रात झाडामागच्या पार्श्वभूमीवर हलक्या ठशात घ्या. रे रोडच्या लाकूडवखारींत सागाच्या ओंडक्याचा वाळलेला आडवा काप विचारा, २५-३० सेंटिमीटर व्यासाचा, ४-५ सेंटिमीटर जाड. छाटणीतल्या ओल्या फांदीची चकती घेऊ नका. लाकूड वलयाच्या दिशेने जितकं आकसतं ते केंद्राच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं, म्हणून ओली चकती वाळताना कडेपासून मध्यापर्यंत फाटते.

काप ६०, १२०, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने सपाट करा. मग गच्चीवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून, गॅस टॉर्चने पृष्ठभाग एकसारखा काळा होईपर्यंत जाळा. पितळी तारेच्या ब्रशने राख काढा. मऊ भाग जास्त जळतो आणि खोल जातो, टणक वर राहतो. ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. तेलातली छपाईची शाई रोलरवर अगदी पातळ, दोन-तीन फेऱ्यांत. वर ३० ते ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) पातळ हातकागद, आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मध्यापासून बाहेर घासा. कागदाचा एक कोपरा उचलून बघत चला, सगळा एकदम उचलू नका. शाई जाड झाली तर छिद्रं बुजतात आणि ठसा नुसता काळा गोल येतो. पहिले दोन-तीन ठसे राख पकडतात, ते बाजूला ठेवा. या कामाला काळ्यापेक्षा गेरूत थोडं काजळ मिसळलेला रंग बरा, जाळ्या त्यावर उठून दिसतील.

रेघोट्या

मंडळी, मनापासून आभार. चार ऋतूंचा आराखडा रद्द. फट, रोप, तीन फांद्या आणि उतरत्या जाळ्या, मागे ठशाचं वलय, असं नक्की केलं.

दोन शंका उरल्या. जाळ्या फेविकॉलने चिकटवाव्यात की खळीने? आणि काच लावावी की नाही? काचेशिवाय पोत छान दिसतो.

टीपकागद

काच लावाच. तळमजला, येणारी-जाणारी मुलं आणि पावसाळा, तिन्ही काचेच्या बाजूने आहेत. जाळी एका बोटाने फाटते.

मैद्याची खळ इथे नको. कसर आणि बुरशी दोघींना ती आवडते. फेविकॉल चालतो, पण जाळीच्या भोकांतून वर येऊन चकाकतो आणि एकदा चिकटलेलं पान पुन्हा काढता येत नाही. मिथाइल सेल्युलोज (पाण्यात कालवून चिकटवायला वापरतात ती पूड) घ्या. १०० मिली पाण्याला ३ ग्रॅम. पूड थंड पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी एक तृतीयांश पाणी चांगलं गरम करून त्यात पूड ढवळा, मग उरलेलं थंड पाणी घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी पारदर्शक जेली मिळेल. कीड तिला लागत नाही आणि पान हलवायचं झालं तर ओलावून सुटतं.

सगळं पान चिकटवू नका. मधल्या शिरेवर पाच-सहा ठिपके आणि शेपटीच्या टोकाला एक, बस. कागद आणि पान ओलाव्याने वेगवेगळं पसरतात. सगळं चिकटवलं तर पहिल्या पावसात कागद पानाभोवती गोळा होतो. ठिपका दिल्यावर वर बटरपेपर आणि तासभर वजन.

मुख्य कागद ३०० जीएसएमचा, आम्लरहित सुती. पुण्याच्या हातकागद संस्थेचा चांगला असतो. ३ बाय ४ फुटांचा एक ताव मिळाला नाही तर जोड खोडाच्या कडेखाली लपवा. क्रम असा ठेवा : आधी वलयाचे ठसे चिकटवून वाळवायचे, मग रंगकाम, जाळ्या सगळ्यात शेवटी. ठशाची तेलाची शाई पूर्ण सुकायला आठवडाभर द्या, नाहीतर वरचा डिंकाचा रंग तिच्यावर धरत नाही. चिकटवण्याचं आणि चौकटीत घालण्याचं काम डिसेंबर-जानेवारीत करा. चौकट बंद करताना आत जी हवा अडकते तीच पुढे पावसाळाभर आत राहणार आहे, ती कोरडी हवी.

कावचुना

चौकटीचं मी पुरं करतो. पाठीला एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) नको, ओल पिऊन फुगतो. १२ मिमीचा मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापलेलं असतं ते पाहून. प्लाय आणि कागद यांच्यामध्ये आम्लरहित बोर्डाचा एक थर, नाहीतर प्लायचा डाग दोन-तीन वर्षांत पुढे येतो. कागद बोर्डाला फक्त वरच्या कडेने बिजागरीसारखा लटकवा, खालून मोकळा.

काच आणि जाळी यांच्यात ८ मिमीचा स्पेसर (अंतर राखणारी पट्टी). फ्रेमवाला कंटाळा करून ३ मिमीचा लावेल, आग्रह धरा. जाळी काचेला टेकली की तिथे दव धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. जाळ्यांची सावली कागदावर पडायलाही ही जागा लागते, आणि काचेमुळे पोत जाईल ही तुमची भीती ती सावलीच दूर करेल. एवढ्या आकाराला ४ मिमी काच जड पडते, ३ मिमी ॲक्रिलिक चालेल. पण ते कोरड्या फडक्याने पुसू नका. स्थिर विजेने जाळीचे सुटे धागे वर ओढले जातात.

मागच्या बाजूने सगळ्या कडा ॲल्युमिनियम टेपने बंद. आत सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या, आधी मंद ओव्हनमध्ये वाळवून. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना मागून १० मिमीची रबरी बुचं, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यामधून वारा जाईल. लावायच्या आधी भिंत पावसाळ्यानंतर हाताने चाचपून बघा : पश्चिमेची बाहेरची भिंत असेल किंवा पलीकडे न्हाणीघर असेल, तर आतल्या कोरड्या भिंतीवर लावायला समितीला आत्ताच सांगा.

जूनच्या आधी एकदा चौकट उतरवून टेप तपासा. कुठे सुटला असेल तर पुड्या बदलून नवा टेप मारा.

हिरवापार

एक राहिलं. रंगवायच्या जाळीला आधी जिलेटिनच्या पातळ पाण्याचा (१०० मिलीला २ ग्रॅम, कोमट) एक हात मागून द्या, नाहीतर रंग भोकांतून खाली जातो आणि कागदावर पानाच्या आकाराचा डाग उमटतो. वाळेपर्यंत बटरपेपरवर ठेवा आणि मध्ये एकदा उचलून पुन्हा ठेवा, म्हणजे चिकटणार नाही.

कुजवायची पानं या आठवड्यातच पाण्यात टाका. ऑक्टोबरच्या उन्हात काम लवकर होतं, थंडीत डबा हळू चालतो.